तिथी पाठ, कारण विसरलेलं: घराण्याचा आयुष्य-तक्ता कसा करावा आणि जनुकांचा अहवाल कसा वाचावा

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात कुठल्याही जुन्या मराठी घरात विचारा, पणजोबांच्या श्राद्धाची तिथी तोंडपाठ असते. कोणत्या साली गेले, किती वर्षांचे होते, नेमकं झालं काय होतं, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आणि त्याच घरातला मुलगा ऑनलाइन किट मागवतो, नळीत लाळ भरून पाठवतो आणि महिन्याभराने मोबाइलवर "हृदयविकाराचा धोका: जास्त" अशी लाल पट्टी बघून हादरतो. काम चुकीच्या टोकाकडून सुरू झालेलं असतं. आधी कागद, मग दवाखान्यातल्या साध्या तपासण्या, आणि त्यानंतर गरज उरलीच तर जनुकं, असा क्रम ठेवला की पैसेही वाचतात आणि धसकेही.

कागद

ड्रॉइंगचा मोठा ए-३ कागद आडवा घ्या. पेन्सिलीनेच काढा, कारण निदान चार वेळा खोडावं लागतं. तीन पिढ्या पुरेत: आजी-आजोबा आणि त्यांची भावंडं, आई-वडील आणि त्यांची भावंडं, मग तुम्ही आणि तुमची सख्खी-चुलत-मावस-मामे-आत्ते भावंडं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसाच्या खुणेवर तिरपी रेघ. ज्याला आपण शोधतोय तो आजार झाला त्याची खूण भरून काळी करायची. नात्यात लग्न झालं असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. दत्तक असेल तर खुणेभोवती चौकटी कंस. जगभरचे जनुकतज्ज्ञ याच खुणा वापरतात, त्यामुळे पुढे डॉक्टरपुढे कागद ठेवला की ते लगेच वाचू लागतात.

प्रत्येक खुणेखाली सहा गोष्टी हव्यात: जन्मसाल, मृत्यूचं साल किंवा वय, मृत्यूचं कारण, आजार पहिल्यांदा कळला ते वय, तंबाखू-विडी-दारू, आणि मूळ गाव. यातली चौथी गोष्ट लोक हमखास गाळतात, आणि खरी किंमत तिलाच आहे. सत्तरीत झालेला हृदयविकार आणि बेचाळिशीत झालेला हृदयविकार कागदावर सारखेच दिसतात, पण जनुकांच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. बहात्तराव्या वर्षी गेलेल्या काकांना पहिला झटका चव्वेचाळीसाव्या वर्षी आला असेल, तर महत्त्वाचा आकडा ४४.

आता माहिती कुठून आणायची. घरात कुलवृत्तांत असेल तर काढा, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. कुलवृत्तांत मुलांची वंशावळ सांगतो. मुली सासरी गेल्या की त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी तिथेच थांबते. जनुकं मात्र आईकडून निम्मी आणि बापाकडून निम्मी येतात, आणि गोत्राशी त्यांना काही देणंघेणं नसतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक आजोबांकडून आत्याला आणि वडिलांमार्फत तुम्हालाही आलेलं असू शकतं. म्हणून आत्या, मावश्या, आजीचं माहेर ही अर्धी बाजू स्वतः भरावी लागते. लग्नात नाव बदललेलं असतं, तेव्हा माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव दोन्ही विचारा. नाहीतर एकच बाई दोन ठिकाणी लिहिली जाते.

दत्तकाकडेही नीट बघा. जुन्या संस्थानी आणि इनामदार घराण्यांत दत्तक सर्रास घेत, आणि वंशावळीत तो पोटच्या मुलासारखाच दिसतो. तो बहुधा भाऊबंदकीतलाच असल्यामुळे थोडी जनुकं जुळतात, पण "पणजोबा पंच्याण्णव वर्षं जगले" हा वारसा तुमच्यापर्यंत रक्ताने आलेला नसण्याची शक्यता राहतेच.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून नावं, गावं आणि यात्रेची सालं मिळतात. आजार मिळत नाहीत. श्राद्धाच्या तिथीत मात्र एक उपयोगी खूण दडलेली असते. पितृपक्षात आजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल, तर ती आजोबांच्या आधी गेली हे पक्कं. कुणाचं घातचतुर्दशीला होत असेल तर तो मृत्यू अपघाताचा किंवा शस्त्राचा. आजाराच्या हिशोबातून त्याला वगळा.

सालं जुळवताना हमखास घोळ होतो. घरच्या जुन्या टिपणात शके असेल तर ७८ मिळवा. मृत्यू जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९. माळव्यातल्या हिंदी कागदांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा, आणि जानेवारी ते चैत्र लागेपर्यंतच्या दिवसांसाठी ५६. हे दोन उलटसुलट झाले की एखादा आजोबा कागदावर एकशे पस्तीस वर्षांनी तरुण किंवा म्हातारा होतो.

महापालिकेकडून मिळणाऱ्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच म्हटलं आहे की दाखल्याच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण द्यायचं नाही. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या नमुना ४ मध्ये आणि हॉस्पिटलच्या कागदात. तेव्हा दाखल्यासाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा कपाटावरच्या जुन्या फायलींत डिस्चार्ज कार्ड, ईसीजीची पट्टी, बायॉप्सीचा रिपोर्ट शोधा. बायॉप्सीची एक चिठ्ठी दहा नातेवाइकांच्या आठवणींपेक्षा भरवशाची.

वडीलधाऱ्यांना विचारताना

"कॅन्सर होता का?" असा थेट प्रश्न टाकला की उत्तर "छे, नाही रे" असंच येतं. त्या पिढीला तो शब्द घरात नको असायचा. "आत्या, दादासाहेब शेवटी किती दिवस अंथरुणाला होते? जेवण जायचं का? कुठे दाखवलं होतं, एमवायला की मुंबईला नेलं होतं?" असं विचारत गेलात तर गोष्ट आपसूक उलगडते. मुंबईला नेलं होतं, तिथे महिनाभर राहिले, शेक दिले, हे कळलं की कारण बहुतेक कळलंच. एमवाय म्हणजे इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय, आणि शेक म्हणजे रेडिएशन.

जुन्या बोलीचं भाषांतर डोक्यात ठेवा. "छातीत कळ आली अन् गेले" हा बहुधा हृदयविकाराचा झटका. "झोपेतच गेले" यात झटका, हृदयाची लय बिघडणं, पक्षाघात असं काहीही असू शकतं. वय चाळिशीच्या आत असेल तर त्यावर लाल खूण करा. "अर्धांग झाला" म्हणजे पक्षाघात. "पोटात गोळा झाला" हे बाईच्या बाबतीत अंडाशय, गर्भाशय किंवा आतडं यांपैकी काहीही, म्हणून पोट फुगलं होतं का, पाणी काढलं होतं का, हे विचारा. "माणसं ओळखेनाशी झाली", "म्हातारचळ लागला" हा स्मृतिभ्रंश. तो पासष्टीच्या आत सुरू झाला की नंतर, एवढं तरी मिळवाच. "साखर होती" यावरून मृत्यूचं कारण कळत नाही. साखर असलेला माणूस सहसा हृदयाने किंवा मूत्रपिंडाने जातो.

मग खोडरबर घ्या. प्लेग, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), देवी, पटकी, क्षय, बाळंतपण, साप, अपघात यांनी गेलेल्यांची वयं आयुष्याच्या हिशोबातून काढा. कागदावरून नावं पुसायची नाहीत, फक्त कडेला "बाहेर" असं लिहायचं. पस्तिसाव्या वर्षी प्लेगने गेलेल्या पणजोबांच्या जनुकांबद्दल तो मृत्यू तुम्हाला काहीच सांगत नाही. ते नव्वदीही गाठू शकले असते.

आता एक घर समोर ठेवू

समजा, तक्ता असा निघाला. आजोबा ८८ व्या वर्षी गेले. त्यांचे धाकटे भाऊ ५२ व्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. त्या धाकट्या भावाच्या मुलाला, म्हणजे तुमच्या चुलत काकांना, ४४ व्या वर्षी स्टेंट टाकला. औषध सुरू होण्याआधी त्यांचं एलडीएल (वाईट मानलं जाणारं) कोलेस्टेरॉल २४० होतं. चुलत आत्याचं ५६ व्या वर्षी बायपास झालं. घरात बोलताना मात्र सगळे म्हणतात, "आमच्यात माणसं नव्वदीपर्यंत जगतात." कारण आजोबा सगळ्यांनी पाहिलेले असतात, आणि लवकर गेलेला भाऊ कुणाला आठवत नाही.

धाकट्या भावाच्या फांदीवर खुणा दाट आहेत. उपचाराआधीचं एलडीएल १९० च्या वर आणि पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार, ही जोडी दिसली की घराण्यातून येणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या विकाराचा संशय घ्यायचा. यकृतावर एलडीएल पकडणारं जे ग्राहक (रिसेप्टर) असतं, त्याच्या जनुकात दोष असतो. आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरतं, आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता दोनात एक. असे लोक साधारण अडीचशे माणसांत एक आढळतात, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाहीत. टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाड झालेली असणं आणि पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकं कडं असणं, या दोन खुणा घरबसल्याही बघता येतात.

तुमच्या फांदीवर काय आहे, यासाठी जनुक-चाचणीची घाई नको. वडिलांचं, गोळी चालू नसतानाचं एलडीएल १२० असेल तर तो दोष त्यांच्यापर्यंत आला नसण्याचीच शक्यता मोठी, आणि जो दोष आई-बापात नाही तो तुम्हाला त्यांच्याकडून मिळणार नाही. इथे एक चूक वारंवार होते. वडील दहा वर्षं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेतात, रिपोर्टमध्ये एलडीएल १०५ येतं, आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. तो आकडा गोळीचा आहे. जुन्या फायलीतला, गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधा. चुलत काकांच्या मुलांची मात्र आठ-दहा वर्षांच्या वयातच लिपिड तपासणी व्हायला हवी. या विकारात औषध लहानपणी सुरू केलं की धमन्यांचं होणारं नुकसान टळतं, आणि अशा माणसाचं आयुष्य इतरांइतकं होऊ शकतं.

मग आयुष्य किती जनुकांवर अवलंबून?

आपल्या अपेक्षेपेक्षा बरंच कमी. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसामाणसांच्या आयुष्यातल्या फरकापैकी पुरुषांत सुमारे २६ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २३ टक्के फरक जनुकांच्या खात्यात गेला. २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळींवरून केलेल्या गणिताने तो आकडा दहा टक्क्यांच्याही खाली आणला. त्याचं कारण गमतीचं आहे: नवरा-बायकोची, इतकंच काय, सासरच्या माणसांचीही आयुष्यं एकमेकांशी जुळतात, रक्ताचं नातं नसताना. लोक आपल्यासारख्याच खाण्यापिण्याच्या, शिक्षणाच्या, ऐपतीच्या घरात लग्न करतात, आणि तोच सारखेपणा आधी जनुकांच्या नावावर टाकला जात होता. पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या समाजात हे पटायला जड जाऊ नये.

हे टक्के एका माणसाचे नसतात. "माझ्या आयुष्याचा पाव भाग जनुकांनी ठरवलाय" असा त्यांचा अर्थ लावू नका. एका लोकसंख्येत लोक वेगवेगळ्या वयात मरतात, त्या फरकाचा किती हिस्सा जनुकांमुळे, एवढंच ते सांगतात. परिस्थिती बदलली की टक्केही बदलतात. १९४१–५१ च्या दशकात भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. तीन पिढ्यांत जनुकं बदललेली नाहीत. पाणी, लसी, प्रतिजैविकं, बाळंतपणातली काळजी बदलली.

शंभरीच्या आसपास मात्र चित्र थोडं वेगळं होतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड अभ्यासात शंभरी गाठलेल्यांच्या भावांची शंभरी गाठण्याची शक्यता त्या पिढीतल्या इतर पुरुषांच्या सुमारे सतरा पट, आणि बहिणींची इतर बायकांच्या आठ पट दिसली. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत राहणीचा हात मोठा, आणि त्यापुढच्या चढावर जनुकांचा हात वाढत जातो.

आता त्या मोबाइलवरच्या लाल पट्टीकडे येऊ. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांचा धोका वाढवणारे जे सर्वसाधारण जनुकीय फरक सापडलेत, ते दीर्घायुषी लोकांत कमी असतील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने २०१० मध्ये असे ३० फरक नव्वदीपलीकडच्या भावंडांत आणि मध्यमवयीन लोकांत मोजले. दोन्हीकडे धोक्याच्या प्रतींची संख्या जवळजवळ सारखीच निघाली. नव्वदीचे लोकही तेच धोके घेऊन फिरत होते.

असं का होतं, हे आकड्यात बघा. अहवालात लिहिलेलं असतं, "तुमचा धोका १.३ पट." मूळ धोका शंभरात दहा असेल तर तुमचा शंभरात तेरा. तंबाखू सोडणं, रक्तदाब १३० च्या खाली ठेवणं, यांचा हिशोब या तीनापेक्षा मोठा आहे. शिवाय एखाद्या माणसात एक फरक धोका वाढवतो आणि दुसरा तोच कमी करतो. उदाहरणार्थ, पीसीएसके-९ नावाचं जनुक निकामी असलेल्या लोकांचं एलडीएल जन्मभर कमी राहतं आणि हृदयविकारही फार कमी होतो. आणि म्हातारपणी उठणाऱ्या आजाराला निसर्ग गाळून टाकत नाही, कारण तोवर मुलं होऊन गेलेली असतात. उलट काही फरक तरुणपणी उपयोगी पडतात म्हणूनच टिकतात. सिकल सेलचं (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आजाराचं) उदाहरण आपल्या शेजारचंच आहे: एक प्रत मलेरियापासून वाचवते, दोन प्रती आजार देतात. झाबुआ-अलीराजपूरसारख्या आदिवासी पट्ट्यांत हा प्रश्न इतका मोठा आहे की राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधूनच सुरू झाली.

एका सर्वसाधारण फरकाचं नाव मात्र आयुष्याच्या हिशोबात पुन्हा पुन्हा येतं: एपो-ई जनुकाचा ई-४ प्रकार. तो अल्झायमरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो, आणि शंभरीच्या लोकांत खरोखर कमी सापडतो. एक प्रत असेल तर अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सांगितले जातात, पण ते प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहेत. ई-४ असूनही नव्वदीपर्यंत शहाणे राहिलेले लोक आहेत, आणि ई-४ नसूनही स्मृती गमावलेले आहेत. त्यावर आज कोणतीही खास गोळी देऊन धोका पुसता येत नाही. म्हणून हा निकाल बघायचा की नाही, हे किट उघडण्याआधी ठरवा. नंतर "न पाहिलेलं" करता येत नाही.

चाचणी करायचीच झाली तर

या खुणा कागदावर असतील तरच पुढे जा: पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात अंडाशयाचा, पुरुषाला स्तनाचा, दोन पिढ्यांत मिळून तिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि त्यातला एकजण पन्नाशीच्या आतला, चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, हृदयाचा स्नायू जाड किंवा कमकुवत असल्याचं निदान, पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश, एलडीएल १९० च्या वर.

आधी साध्या तपासण्या. लिपिड प्रोफाइल, रक्तदाब, साखर, आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए. कोलेस्टेरॉल वाहणारा हा शेवटचा कण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, पथ्याने हलत नाही, आणि भारतीयांत तो बऱ्याच जणांत जास्त असतो. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर डॉक्टर बाकीचे धोके अधिक कडकपणे आवळतात. हृदयाच्या स्नायूचा संशय असेल तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). दक्षिण आशियाई लोकांत शंभरात सुमारे चार जणांत एमवायबीपीसी-३ या जनुकाचा २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासातून पुढे आलं. त्याचा त्रास बहुधा मध्यम वयानंतर होतो आणि सगळ्यांना होत नाही. त्यामुळे तो सापडला म्हणून घाबरण्यापेक्षा ठरावीक वर्षांनी इको करत राहणं, एवढंच काम असतं.

जनुक-चाचणी आधी आजारी माणसाची करायची. हा नियम मोडला की पैसे वाया जातात. तुम्ही धडधाकट, मावशीला कर्करोग, आणि तुमचाच रिपोर्ट "काही सापडलं नाही" आला, तर दोन अर्थ निघतात: मावशीचा दोष तुम्हाला आला नाही, किंवा मावशीचा दोष या चाचणीला दिसतच नाही. मावशीची आधी झाली आणि नेमका दोष सापडला, तर तुमची फक्त त्या एका जागेची तपासणी पुरते. ती स्वस्तही पडते आणि तिचं उत्तर स्पष्ट असतं.

घरी मागवलेलं किट चिपवर चालतं. ती काही लाख ठरावीक जागा बघते. सामान्य फरक बरे ओळखते, दुर्मीळ दोषांत मात्र फार चुकते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने अशा किटच्या कच्च्या माहितीत लोकांना सापडलेले फरक नीट तपासले, तेव्हा ४० टक्के खोटे निघाले. कर्करोगाच्या किंवा हृदयाच्या शंकेसाठी त्या आजाराच्या जनुकांचं पॅनेल सिक्वेन्सिंग (ती जनुकं अक्षरन् अक्षर वाचणं), तेही एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, एवढंच ग्राह्य धरा.

नमुना रक्ताचा असेल तर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत ३ ते ५ मिली. नळी हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली की रक्तपेशी फुटतात. मे महिन्यात इंदूर चाळिशीपार तापतं, तेव्हा नळी कुरिअरच्या पिशवीत दुपारभर गाडीत पडू देऊ नका: थंड, पण गोठवलेली नाही. लाळेचा नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. पान, सुपारी, गुटखा, सकाळचे पोहे, सगळं यात आलं. नमुना वाया जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा पूर्वी अस्थिमज्जा रोपण झालं असेल तर आधी सांगा. रोपण झालेल्याच्या रक्तात दात्याची जनुकं सापडतात.

अहवाल हातात आल्यावर

रंगीत पट्ट्या सोडा, एकच रकाना शोधा: वर्गवारी. पाच पायऱ्या असतात. "पॅथोजेनिक" (आजार घडवणारा) आणि "लाइकली पॅथोजेनिक" (बहुधा आजार घडवणारा) यांवर वैद्यकीय निर्णय होतात. "बिनाइन" आणि "लाइकली बिनाइन" म्हणजे निरुपद्रवी. मधली "व्हीयूएस" म्हणजे फरक सापडला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. व्हीयूएसवरून कोणतीही शस्त्रक्रिया, कोणतंही औषध, कोणताही लग्नाचा निर्णय करायचा नाही. असे फरक पुढे बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. भारतीयांच्या अहवालात ते जास्त येतात, कारण तुलनेची माहिती प्रामुख्याने युरोपीयांची आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० जणांचे जीनोम वाचले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, त्यामुळे हे हळूहळू सुधारेल. दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेला "याची वर्गवारी बदलली का?" असं विचारा.

"पॉलिजेनिक स्कोर" (अनेक छोट्या जनुकीय फरकांची बेरीज) नावाचा आकडा असेल तर तो कोणत्या लोकसंख्येवर बेतलेला आहे ते बघा. दक्षिण आशियाई नसेल तर त्याला फार मान देऊ नका.

खरोखर पॅथोजेनिक दोष निघाला, तर त्यातले काही असे आहेत की कळण्याचा थेट फायदा होतो. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर बाईला ऐंशीपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची ४४. बीआरसीए-२ मध्ये ६९ आणि १७. त्यासाठी पंचविशीपासून स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही, आणि मुलंबाळं झाल्यावर बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय काढण्याचा विचार. आतड्याच्या लिंच विकारात विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. हे दोष आयुष्य तोडतात ते बेसावध माणसाचं.

आजार अजून झालेला नसेल आणि विमा घ्यायचा असेल, तर तो चाचणीआधी घ्यायचा की नंतर, हे आधीच ठरवा. प्रस्तावपत्रात जे विचारलं असेल त्याचं खरं उत्तर द्यावंच लागतं.

नातेवाइकांना सांगताना

दोष सापडलेल्या माणसाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता बहुधा निम्मी, पुतण्या-भाच्यांना पाव, चुलत-आत्ते-मामे-मावस भावंडांना आठवा हिस्सा. सगळ्यांना फोन करत सुटू नका. जनुक समुपदेशकाकडून एक पानाचं मराठी किंवा हिंदी पत्र घ्या: जनुकाचं नाव, फरकाचा नेमका क्रमांक, प्रयोगशाळा, तारीख. त्या क्रमांकाशिवाय पुण्याची चुलत बहीण तिथल्या डॉक्टरकडे गेली, तर तिची पुन्हा अख्खी चाचणी होते. आणि लग्न ठरायच्या मुलीच्या घरी हे पत्र व्हॉट्सअॅपच्या कुटुंब-ग्रुपवर टाकू नका. ज्याचं त्याला, समोर बसून द्या.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत काही मराठी घरांत अजून आहे. तिथे प्रश्न वेगळा असतो: दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असू शकते. मुलाला आजार व्हायला दोन प्रती लागतात, आणि आई-बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) पुरतं. एचबीए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर वाहक असण्याची शक्यता मोठी. शरीरात लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो, म्हणून फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) सोबत करा. नात्यात नसलेल्या जोडप्यांनीही हे लग्नाआधी करावं. पत्रिका बघायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागत नाही. दोघेही वाहक निघालेच, तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत नोंदणीकृत केंद्रात होते. तिथे लिंग विचारायचं नाही आणि सांगितलंही जात नाही.

तक्त्याची पेन्सिलीची प्रत आता शाईने उतरवा. कोपऱ्यात आजची तारीख आणि माहिती कुणी दिली त्यांची नावं लिहा, कारण पाच वर्षांनी "हे कोण म्हणालं होतं?" असा वाद होतो. मागच्या बाजूला प्रत्येकाचं उपचाराआधीचं एलडीएल, लिपोप्रोटीन-ए आणि एचबीए-२, त्या त्या तारखेसह. फोटो काढून प्रत्येक फांदीतल्या एकाकडे ठेवा, आणि मूळ कागद देवघराच्या कपाटात, जिथे श्राद्धाच्या तिथींची वही असते तिथेच.